म्हणणं किती, वाजवणं किती

मंद्रूपच्या नावात 'मंद्र' आहे. खालच्या सप्तकातला मंद्र. गावाच्या नावाची व्युत्पत्ती यात शोधू नका, मला त्या वादात शिरायचं नाही. पण सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं, शहर मागे पडलं, ज्वारीची-उसाची रानं सुरू झाली आणि मंद्रूपच्या स्टँडवर उतरलं की इथली माणसं खरंच जरा खालच्या पट्टीत बोलतात असं मला आपलं वाटतं. (सोलापूरकरांनी राग मानू नये. तुमची पट्टी काळी पाच!)

आणि बोलतात ती दोन भाषांत. दुकानात भाव मराठीत विचारायचा, घासाघीस कन्नडमध्ये करायची, आणि जमलं नाही तर शिवी जी आधी सुचेल त्या भाषेत. पुढे टाकळीचा पूल ओलांडला की भीमेपलीकडे कर्नाटक. आमच्याच तालुक्यात कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यानंतर शंभरएक वर्षांनी सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी वचनं रचली, ती मात्र कन्नडमध्ये. तेव्हापासून हे असंच चाललंय. राज्यांची सीमा १९५६ आणि १९६० ची. गाणं त्याआधीच इकडून तिकडे जाऊन आलेलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो त्याचं कारण आई. तिला काचबिंदू आहे. वाचन संपलं, टीव्हीवर नुसती हलणारी रंगीत धूळ दिसते म्हणते. उरलं ऐकणं. गेलं वर्षभर दर पंधरा दिवसांनी पुण्याहून मंद्रूपला जाताना मी एका छोट्या स्पीकरवर तिच्यासाठी नवीनजुने अल्बम भरून नेतो. नवीन म्हणजे तिच्या दृष्टीनं नवीन, गेल्या पंचवीस वर्षांतले. दुपारी जेवणं झाली की सोप्यात ऐकायचं. मग निकाल. फोनवर मावश्या-आत्यांनी ही यादी मागितली, दोन ब्लॉगर मित्रांनीही मागितली, म्हणून लिहायला घेतलं तर यादी बाजूला राहून भलतीकडेच गाडी गेली. असो.

आईची कसोटी एकच आहे. "म्हणणं किती आन् वाजवणं किती?" तिचं माहेर भीमेपलीकडचं, इंडी तालुक्यातलं. शाळा कन्नड. लग्न होऊन मंद्रूपला आली तेव्हा तिला मराठी समजायचं पण बोलता यायचं नाही, आणि ती मराठी शिकली रेडिओवरून. मीडियम वेव्हवर पुणं लागायचं, सांगली लागायची, रात्री धारवाड लागायचं. अभंग ऐकायचा, शब्द पाठ करायचा, दुसऱ्या दिवशी अज्जीला (म्हणजे तिच्या सासूला) अर्थ विचारायचा. अज्जी मंद्रूपचीच, दोन्ही भाषा तिच्या तोंडात सारख्याच. अशा बाईपुढे तुम्ही चाळीस व्हायोलिनं वाजवलीत आणि त्याखाली शब्द गाडलात तर ती काय म्हणणार? तिच्या दृष्टीनं गायकानं शब्द हातात आणून दिला पाहिजे. बाकी सगळं वाजवणं.

आता गंमत अशी की रेकॉर्डिंगचा इतिहास चाळायला लागलो तर तो जवळपास याच एका प्रश्नाचा इतिहास निघाला.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गाइसबर्गनं कलकत्त्याला गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, गाणाऱ्यानं त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. हळुवार म्हटलेलं काही त्यात उतरतच नसे. दणदणीत आवाजाचीच चलती. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि पहिल्यांदाच कानात सांगितल्यासारखं गाणं शक्य झालं. मराठी भावगीत त्यातून जन्मलं असं म्हणायला हरकत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गोविंदराव जोशींनी, आपल्या जी. एन. जोशींनी, ना. घ. देशपांड्यांची कविता तबकडीवर गायली. नाटकातल्यासारखा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकवायचा आवाज लावायची गरज उरली नव्हती. पुढे हेच जोशी एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम बघू लागले आणि आपण ज्यांना दैवत मानतो त्यातल्या कितीतरी जणांच्या तबकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

त्याच काळात हुबळीच्या एका मुलीच्या तबकड्या बाजारात होत्या. लेबलवर नाव 'गांधारी'. पातळ, उंच, धारदार आवाज, आणि गाणी मराठीसुद्धा. ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. पुढे टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा रुंद, जवळजवळ पुरुषी झाला. मी आईला दोन्ही ऐकवले, कोण ते न सांगता. पहिला ऐकून म्हणाली, "पोरगी चांगलीय." दुसरा ऐकून बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हिनं संसार केलाय." एकच बाई आहे हे सांगितलं तर विश्वास ठेवेना.

गदगच्या जोशीमास्तरांच्या मुलाची गोष्ट तर आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. रेकॉर्डवर अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि १९३३ साली अकराव्या वर्षी घर सोडलं. त्या भटकंतीत विजापूर आलं, पुणं आलं, ग्वाल्हेर आलं, आणि शेवटी गुरू भेटले ते घराजवळच, कुंदगोळचे सवाई गंधर्व. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तीन मिनिटांची तबकडी एका पोराला घराबाहेर काढू शकते. दुसरी म्हणजे हा सगळा प्रदेश, मिरज, धारवाड, हुबळी, गदग, विजापूर, हा गाण्याच्या दृष्टीनं एकच गाव होता. खाँसाहेब कैराना सोडून मिरजेला राहिले. कोमकळी मठाचा शिवपुत्र सिद्धरामय्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मला आणि कुमार गंधर्व झाला. त्यांच्या वडिलांचं नाव आमच्या सोलापूरच्या सिद्धरामाचं, हे अज्जी मोठ्या अभिमानानं सांगायची, जणू काही बारशाला ती हजर होती.

यातल्या बहुतेकांची घरची भाषा कन्नड आणि त्यांना डोक्यावर घेणारे लाखो लोक मराठी. भीमसेनांनी 'संतवाणी' गायली तसं 'दासवाणी'ही गायली. एकाच गळ्यातून तुकाराम आणि पुरंदरदास. पुण्यातल्या माझ्या मित्रांना त्यातला अर्धाच भीमसेन माहीत आहे, बंगळूरच्या मित्रांना उरलेला अर्धा. मंद्रूपला आम्हाला पूर्ण मिळायचा आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटायचं नाही.

१९८४ साली वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला. कॅसेटनं काय केलं हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. तबकडी श्रीमंताघरची. कॅसेट पानाच्या टपरीवर, एसटीत, रसवंतीत. आणि मुख्य म्हणजे कॅसेट पुसता येत होती, तिच्यावर आपलं काही भरता येत होतं. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे कॅसेटनं घराघरात नेले. यात्रेत पाच कर्णे एकाच वेळी ओरडत असले तरी त्यांचा शब्द वेगळा काढता यायचा. आईच्या कसोटीवर शंभरपैकी शंभर. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या मुलाचा, आनंद शिंद्यांचा पोपट आला आणि त्यानं लग्नाच्या वराती काबीज केल्या. संगीतावर लिहिणारे लोक या शिंदे घराण्याबद्दल लिहिताना नाक मुरडायचे. मला विचाराल तर स्वच्छ शब्द आणि खुला आवाज या बाबतीत त्यांच्याकडून बऱ्याच 'सुरेल' लोकांनी शिकावं. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव, बसवेश्वरांचंही तिथं वास्तव्य झालेलं. तिथल्या माणसाच्या गळ्यात विठ्ठल यावा यात नवल काय! चोखोबांच्या सोयराबाईचा अभंग किशोरीताई आमोणकरांनी गायला तेव्हा सभ्य घरातल्या लोकांनी डोळे मिटले. प्रल्हाददादांच्या विठ्ठलाला मात्र त्यांनी खिडकी मिटली. हा फरक आवाजाचा नव्हता.

आमच्या घरातली एक कॅसेट वडिलांनी स्वतः भरलेली. साठ मिनिटांची. ए बाजूला रेडिओवरून घेतलेले अभंग, मधे मधे निवेदिकेचा अर्धा शब्द. बी बाजूला धारवाडवरून घेतलेली वचनं, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आवाजातली. मन्सूरांच्या आवाजात एक घाई असते, आपल्याला देवाशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय आणि बस सुटायची वेळ झालीय अशी. ती घाई मला दुसऱ्या कुणात सापडलेली नाही. या कॅसेटकडे पुन्हा येतो.

सीडीच्या काळात मी कॉलेजात होतो, तेव्हा पक्षपाती असणार, हे गृहीत धरा. १९९८ साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. आधी कविता वाचायची, मग गाणं. आमच्या हॉस्टेलवर पावसाळा तेव्हा जूनमध्ये नाही, या सीडीबरोबर सुरू व्हायचा. मग संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून गाजू लागलं. पेटी, दोन माणसं, आणि शब्द अगदी पुढे. भावगीत पुन्हा मायक्रोफोनच्या तोंडाशी येऊन बसलं. आईला यातला 'गारवा' फार भावला नाही. "पाऊस एवढा सांगायला लागत नाही," म्हणाली. दुष्काळी तालुक्यातल्या बाईचं मत, मी वाद घातला नाही. सलील-संदीप मात्र तिनं सगळे ऐकले, आणि थकून घरी येणाऱ्या बापाचं गाणं लागलं तेव्हा बंद करायला सांगितलं. वडील सोलापूरच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते जे काही काम मिळेल ते करून शेवटच्या एसटीनं यायचे. गाणं वाईट म्हणून नव्हे, नेमकं होतं म्हणून बंद केलं.

यानंतरचा काळ मला सगळ्यात रंजक वाटतो. २०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले आणि त्याच वर्षी 'बालगंधर्व' चित्रपट आला. पडद्यावर सुबोध भावे, आवाज आनंद भाट्यांचा, भीमसेनांच्याच शिष्याचा. त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'. मूळ नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपटात खाँसाहेबांचा आवाज झाला वसंतरावांचा नातू राहुल, आणि सदाशिवाचा आवाज अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. राष्ट्रीय पुरस्कार महेश काळ्यांना. मग 'मी वसंतराव', २०२२ साली प्रदर्शित झाला, आजोबांच्या भूमिकेत नातू आणि संगीतही त्याचंच. त्या वर्षी जाहीर झालेल्या पुरस्कारांत पुन्हा गायकाचा पुरस्कार राहुल देशपांड्यांना. सगळ्या देशात गायकाला एक पुरस्कार असतो, आणि बारा वर्षांच्या आत तो तीनदा मराठी चित्रपटातल्या शास्त्रीय गवयाला मिळाला. 'शास्त्रीय कोण ऐकतो आता' असं आपण ज्या काळात एकमेकांना सांगत होतो, त्याच काळात.

पण एक लक्षात घ्या. हे तिन्ही अल्बम नवे असून जुन्या माणसांबद्दलचे आहेत. नव्या गळ्यांना नाव मिळालं ते आजोबा-गुरूंची गोष्ट सांगताना. याचा मला आनंद आहे आणि थोडी काळजीही आहे. आज कुणी आजच्या माणसाची, आजच्या बंद गिरणीची, आजच्या काचबिंदूची गोष्ट ख्यालाच्या अंगानं गायली तर आपण ऐकू का? की आपल्याला गवई धोतर-पगडीतच हवा?

आईचे निकाल असे. आनंद भाटे: "ह्यो ओरडत नाही." (सर्वोच्च पुरस्कार.) बालगंधर्व तिनं लहानपणी तबकडीवर ऐकले होते, दोन्ही शेजारी ठेवून तिनं डोकं हलवलं, पुरतं हो नाही, पुरतं नाही नाही. 'कट्यार' मधली जुनी पदं आवडली, नव्या गाण्यांत कोरस शिरला की ती हात हलवून "पुढं" म्हणायची. मला स्वतःला शंकर-एहसान-लॉय यांचं काम आवडतं, वाद्यमेळाशिवाय तो चित्रपट एवढ्या थिएटरांत चालला नसता. पण महेश काळे एकटे, मागे जवळजवळ काही नाही, अशा जागा आल्या की तिची हालचाल थांबायची, हेही मी पाहिलंय. 'मी वसंतराव' तिनं दोन दुपारी पुरवून ऐकला. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करून हा माणूस गात होता हे सांगितल्यावर तिला वसंतराव एकदम घरचे वाटायला लागले.

'सैराट'चं काय, असं भाचे मंडळी विचारतील. २०१६ चा, आमच्याच जिल्ह्यातला, करमाळ्याच्या रानातला, आणि त्याचं संगीत अजय-अतुलनी थेट लॉस एंजेलिसमध्ये, हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन मुद्रित केलं. वाजवणं केवढं! मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण आईनं शांतपणे ऐकलं. "वाजवणं लई हाय, पण पोरं रानात पळतायत तसं वाटतंय." डोळ्यांनी दिसत नसलेल्या बाईनं चित्रपट न पाहता हे म्हटलं. कसोट्या ह्या अशा मोडाव्यात.

कन्नड बाजूला शोधायला मला उशीर लागला, कारण मला कन्नड ऐकून कळतं, वाचता येत नाही. माझ्या पिढीत आमच्या घरातलं कन्नड हिशेबापुरतं उरलं आणि पुण्यातल्या भाचीत तेही नाही. गंमत म्हणजे तिनंच मला रघु दीक्षितचा २००८ चा पहिला अल्बम आणून दिला, गिटार वगैरे. त्यात शिशुनाळ शरीफांचं पद निघालं. एकोणिसाव्या शतकातला तो संत, जन्मानं मुसलमान, गुरू ब्राह्मण. आई पहिल्या ओळीलाच हसली आणि सोबत म्हणायला लागली. भाचीनं डोळे मोठे केले. हे गाणं 'बँडचं' आहे अशी तिची समजूत, आणि आजीला पुढची सगळी कडवी येतात! मग मी वेंकटेश कुमारांची वचनं लावली. गदगच्या पुट्टराज गवईंच्या आश्रमात वाढलेला गवई. तंबोरा, तबला, पेटी, आणि आवाज. त्या दुपारी चहा राहून गेला.

आता ती कॅसेट. बी बाजूची वचनं संपल्यावर टेप थोडी उरली होती म्हणून वडिलांनी अज्जीला जात्यावर म्हणायचीस ते म्हण असं सांगितलं. चारेक मिनिटं आहेत. जातं नाही, नुसता आवाज, मागे कोंबडा. अज्जी १९९३ मध्ये गेली. तिचा दुसरा आवाज कुठं नाही. गेल्या दिवाळीत सोलापूरच्या एका ओळखीच्या मुलानं टेप काळजीपूर्वक काढून संगणकावर घेतली. टेपवरचा थर सुटायला लागला होता, अजून दोन-चार उन्हाळे टिकली असती की नाही कोण जाणे. घरातल्या सगळ्यांना पाठवली. पंधरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. अर्थ एकालाही विचारावासा वाटला नाही. भाचीनं विचारला.

तेव्हापासून आई आणि भाची फोनवर ते उतरवतायत. आई एक ओळ ऐकते, कन्नडमध्ये सावकाश म्हणते, मग मराठीत सांगते. भाची देवनागरीत लिहून घेते. ज्या बाईकडून आई मराठी शब्दांचे अर्थ शिकली, तिच्याच कन्नडचा अर्थ ती आता नातीला मराठीत सांगतेय. बहुतेक पद लागलं. शिवाचं आहे, मधेच पंढरपूर येतं, आणि भाषा एका कडव्यात सरळ मराठी होते, पुन्हा कन्नड. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द मात्र आईलाही लागत नाही. कोंबडा नेमका तिथंच आरवलाय. जात्याच्या एखाद्या भागाचं नाव असावं असं आईला वाटतं, भाचीला वाटतं माणसाचं नाव आहे.

इंडीच्या मामी, झळकीच्या काकू, वाचत असाल तर ही चार मिनिटं तुमच्याकडच्या थोरांना एकदा ऐकवा. स्पीकर मोठा नको, कानाशी धरून ऐकवा. दोन मिनिटं दहा सेकंदांवर आहे तो शब्द.